चार जीबीत सुलूचं लग्न

किस्से आणि फायली सारख्याच हो! कोण कधी टाकून जातो कळत नाही, आणि जागा हवी झाली की सगळ्या एकदम वर येतात. वेंगुर्ल्याच्या मच्छीमार सोसायटीत मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते, तेव्हाचा माझा साठा असाच तुंबलाय.

कॉम्प्युटर एक, डिस्क चार जीबीची आणि मालक दोन: चेअरमन तात्या आणि सेक्रेटरी बाबलभाऊ. त्यात वरून हुकूम आला, होड्यांच्या परवान्यांचा नवा प्रोग्राम एक्सपीवरच चालणार. आमच्याकडे विंडोज अठ्ठ्याण्णव! नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात जायच्या, त्याआधी परवाने निघायला हवेत. कुडाळहून कॉम्प्युटरवाले सावंत आले, डिस्क बघितली, "दीड जीबी रिकामी करा, मग बोलवा" म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

*

मी आधी रिसायकल बिन रिकामी केली. कचराच तो!

दुपारी बाबलभाऊ आले आणि डोक्याला हात लावून बसले. दशावताराची निम्मी रेकॉर्डिंगं त्यांनी त्या बादलीत जपून ठेवली होती. का, तर तिथे तात्या बघत नाहीत म्हणून! उरलेली निम्मी दुसऱ्या फोल्डरात होती, म्हणून मी वाचले. पण बुधवारी त्यांनी माझ्या डब्यातली तळलेली सुरमई नाकारली. म्हणजे राग खरा होता.

*

मग सभासदांची माहिती फ्लॉप्यांवर उतरवली. आमच्या दमट हवेत बुरशी धरेल म्हणून तात्यांनी त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. डबा सुकटीचा!

फ्लॉप्यांना काही झालं नाही. पण त्या तपासायला परत मशीनमध्ये घातल्यापासून ऑफिसमधलं मांजर सीपीयूसमोरून हलेना. पुढे सावंत परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, हे इथे कशाला?

"ता आमच्याकडे पर्मनंट आसा," तात्या म्हणाले.

मी तेव्हा टेंपररी होते.

*

तरी जागा पुरेना. आता मोठं असं दोनच उरलं होतं: बाबलभाऊंचा उरलेला दशावतार आणि सुलूच्या लग्नाची फिल्म.

सुलू ही तात्यांची एकुलती एक लेक, कोल्हापूरला दिलेली. फिल्मच्या सीड्या बघून बघून ओरखडल्या होत्या, त्यामुळे ही एवढीच प्रत. सीडी रायटर तेव्हा सावंतांकडेही नव्हता. ऑफिस सुटलं की तात्या फिल्म लावायचे आणि पाठवणी आली की चष्मा पुसायचे. परवान्याला आलेल्या माणसालासुद्धा मंगलाष्टकं बघितल्याशिवाय सुटका नव्हती!

जावईबापू मात्र अख्ख्या फिल्मभर एकदाही हसत नव्हते. मी एकदा बोलून दाखवलं. तात्या म्हणाले, कॅमेऱ्यासमोर लाजतात.

*

दोघंही हटेनात, तेव्हा ठरलं, देवाला कौल लावायचा. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. बाबलभाऊंनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, लगीन पुसूचा आसात तर उजवो दी, दशावतार पुसूचो आसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

उजवं फूल टपकन पडलं. देवाला दोनदा विचारत नाहीत, पण चेअरमनच ते! पुन्हा लावायला लावला. पुन्हा उजवं.

डिलीटचं बटण तात्यांनी मला दाबायला सांगितलं आणि स्वतः जेटीवर जाऊन उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. पण एक्सपी बसलं, परवाने निघाले आणि होड्या वेळेवर गेल्या.

*

दिवाळीनंतर सुलू बॅग घेऊन एकटीच आली. परत जायचं नाही म्हणून आली, हे सगळ्या बंदराला कळलं होतं, विचारत कोणी नव्हतं. एक दिवस ती बापाचा डबा घेऊन ऑफिसात आली आणि कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, "बाबा, माज्या लग्नाची फिलिम आसा मां हयसर? ती काडून टाका."

बाबलभाऊच पुढे झाले. कौल कसा लावला, उजवं फूल दोनदा कसं पडलं, सगळं सांगितलं.

"ह्या कधी झाला?"

"नारळी पुनवेच्या आदी गो."

सुलूने डबा टेबलावर ठेवला, मांजराला बाजूला सारून खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"इतक्या आदी ठावक होता," ती म्हणाली, "तर देवाक माका एक फोन करूक काय झाला होता?"