मुठीतली दाढी

देवाला मी कधी घाबरले नाही. घाबरले ती देवाच्या माणसांना. आणि लग्न करून भिवंडीत आले तेव्हा नेमकी तीच माझ्या वाट्याला आली. घरात सासूबाई आणि गल्लीत लाल दाढीवाले बाबा.

मी साताऱ्याकडची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं माझं काम. "भिवंडीत दिलीस पोरगी?" असं आईला विचारताना भावकीतल्या बायका असा चेहरा करायच्या, जसं काही मला विहिरीतच ढकललंय. मी म्हणायचे, "का? तिथं काय माणसं राहत नाहीत?" हे आपलं तोंडानं.

सासूबाई इथल्याच, शेलार गावच्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटातही चौथ्या घरी ऐकू जावा. मंगळवारी आणि नवरात्रात त्यांच्या अंगात वज्रेश्वरीची देवी यायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नवी नवरी. केस मोकळे सुटलेले, डोळे फिरलेले, घुमणं चाललेलं. मी भरजरी साडीत मोरीत शिरले आणि आतून कडी लावून बसले. अर्ध्या तासानं त्याच बाई दार ठोठावून म्हणाल्या, "बाय, चाय ठेवलाय, ये." मी चहा प्यायले, पण पुढची दोन वर्षं त्यांच्याशी नजर मिळवून बोलले नाही.

बाबा पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीचेच. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे चार लूम. मेंदीनं रंगवलेली दाढी छातीपर्यंत, कपाळावर नमाजाचा काळा घट्टा. मी समोरून आले की ते मान खाली घालून गल्लीच्या पलीकडच्या कडेनं जायचे. एकदा शुगर तपासायला लॅबमध्ये आले, तर सगळा वेळ भिंतीकडे बघत राहिले. हातसुद्धा थरथरत होता. रागानंच, असं मी धरून चालले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "त्या माणसाला माझं तोंड बघवत नाही."

माझा नवरा भांडणापासून चार हात लांब राहणारा प्राणी. "अगं, ते तसेच आहेत," म्हणाला आणि जेवायला बसला.

मग वैशाखात आम्हाला मुलगी झाली. गोरीपान, गुबगुबीत, आणि दिवेलागण झाली की आकाशपाताळ एक करणारी! दोन-दोन तास रडायची, मुठी वळून, लालबुंद होऊन. डॉक्टर म्हणाले, वात धरतो, तीन-चार महिन्यांत आपोआप जाईल. मलाही ते माहीत होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "दाक्तरला काय ठावं? पोरीला मशिदीवर न्यायला पायजे."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. संध्याकाळची नमाज सुटायच्या वेळेला बायका तान्ही पोरं घेऊन मशिदीच्या दाराशी ओळीनं उभ्या राहतात. बुरख्यातल्या असतात, कुंकू लावलेल्याही असतात. नमाज पढून बाहेर येणारा एकेक माणूस पोरावर फुंकर घालतो आणि चपला शोधायला जातो.

मी म्हटलं, "माझं पोर कुणाच्या फुंकरीखाली जाणार नाही." विषय संपला, असं मला वाटलं. श्रावणात रजा संपून मी ड्युटीवर गेले. एक दिवस लवकर सुटले आणि मशिदीवरून येत होते. बघते तर काय, दारात सासूबाई, हातात माझी लेक, आणि वीस-पंचवीस दाढ्या तिच्यावर वाकलेल्या! मी धावत जाऊन पोर हिसकावून घेतली. त्या माणसांसमोरच सासूबाईंना नको नको ते बोलले. ते सगळे दोन पावलं मागे सरले. लाल दाढीवाले बाबा तर खांबाआडच गेले.

घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, "दसऱ्यापर्यंत कल्याणला खोली बघा. नाहीतर मी आणि पोर साताऱ्याला."

सासूबाईंनी ऐकलं. "जा तुमी," म्हणाल्या. "मी येनार न्हाय. माझी देवी इथं, माझी मानसं इथं." आणि भाकरी थापायला बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची भाकरी तव्यावर फाटली. मला दिसलं, पण मी दगड झाले होते.

आठवड्याभरात सासूबाईंचा गुडघा सुजला. त्या खाटेला, नवरा कामावर आणि लेकीचा भोंगा सुरू. ओवा झाला, हिंग झालं, पोटावर शेक झाला, खांद्यावर घेऊन शंभर येरझाऱ्या झाल्या. बाई गं! शेवटी माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खाटेवरून सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त दाराकडे बघत राहिल्या. त्या बोलल्या असत्या तर मी गेले नसते. पायात चप्पल सरकवली आणि निघाले.

ओळीत शेवटी उभी राहिले. पण मी लॅबवाली, मला जंतू दिसायला लागले. म्हणून पोरीच्या तोंडावर धुतलेला रुमाल टाकला. शेजारची बुरख्यातली बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, फूंक कहाँ से जाएगी?" मी म्हटलं, "जाईल तिथून जाईल."

नमाज सुटली. चार-पाच जण आले, रुमालावर फुंकले, गेले. मग बाबा आले. मला बघून थबकलेच. मान खाली घालून, अवघडत, लांबूनच फुंकर घातली. रुमालावर ती बेतानंच पोचली असावी. स्वतःचंच समाधान झालं नाही म्हणून ते आणखी वाकले. तेवढ्यात रुमालाखालून एक चिमुकला हात बाहेर आला आणि त्यानं ती लाल दाढी घट्ट पकडली.

पोर गप्प झाली. साफ गप्प! आणि बाबा वाकलेले ते वाकलेलेच. परक्या बाईच्या इतक्या जवळ उभं राहायची लाज, म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. तसेच आंधळ्यासारखे विनवत होते, "सोड गो बाय, सोड. दाढी हाय ती, दोरी न्हाय!"

मी सोडवायला गेले तर पोरीनं दुसऱ्या हातानंही धरली. रुमाल पडला आणि ती बोळक्या तोंडानं खुदकन हसली. मागे माणसं खोळंबली. कुणीतरी म्हणालं, "हाजीसाब, आज घर जाना है कि नहीं?" ओळीतल्या बायका तोंडावर पदर आणि ओढण्या घेऊन हसत होत्या. मग मलाही हसू फुटलं. इतके दिवस आत कोंडलेलं काय काय बाहेर पडत होतं, कुणास ठाऊक. मी हसता हसता रडायलाच लागले. दाढी सुटली तेव्हा पोरीच्या मुठीत दोन लाल केस राहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा मशिदीतून बाहेर पडताना दाढी मुठीत धरूनच यायचे. तशीच धरून फुंकायचे. फुंकरीनं पोर गप्प झाली म्हणाल, तर मी तसं म्हणणार नाही. वात आपल्या वेळेनं गेला. मी मात्र रोज जात राहिले.

आता वाटतं, ज्याच्या अंगावर देव-धर्म उठून दिसतो, त्याच्याशी आपण बोलतच नाही. लांबून बघतो आणि भितो. जवळ जायला मला तरी कुठे अक्कल होती? ती तीन महिन्यांच्या पोरीला होती.

पण बोललेला शब्द! तो माझ्याच मानेवर बसला होता. कल्याणची खोली ठरली होती. जायचं नाही म्हणायचं, म्हणजे सासूबाईंसमोर नाक खाली करायचं, आणि मी साताऱ्याची. नवरात्र आलं, बोचकी बांधली गेली. सासूबाई रोज नातीला मांडीवर घ्यायच्या आणि काहीच म्हणायच्या नाहीत. त्यांच्या घुमण्याची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, जेवढी त्या गप्प बसण्याची वाटली.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्या लंगडत मशिदीपाशी जाऊन आल्या, एकट्याच. पोर घरी माझ्याकडे होती. थोड्या वेळानं जिन्यात खाकरल्याचा आवाज आला. बघते तर बाबा. पाच पायऱ्या खालीच उभे, नजर पायरीवर, दाढी मुठीत.

"वर या ना," मी म्हटलं.

"तुझी सासू हाय का घरान?"

"आहेत की."

"मग हितंच बरा हाय."

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. जवान असताना एका नवरात्रात ते लूम बंद करून घरी निघालेले, आणि समोरून अंगात आलेल्या सासूबाई, केस सोडून. त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून अशी आरोळी ठोकली की हे चपला तिथंच टाकून पळाले. "तीन दिस ताप व्हता मना. तवापासून तुमच्या घरचं कोनी दिसला का मी पलीकडनं जातो."

आतून आवाज आला, "खोटा बोलतो! दोनच दिस व्हता! लिंबू उतरून मीच धाडलेला!"

बाबा आणखी एक पायरी खाली गेले. मी दाराला टेकून हसत होते. म्हणजे दोन वर्षं मी ज्यांना भीत होते, ते मलाच भीत पलीकडून जात होते! त्यात मी सुया टोचणारी.

मग ते हळूच म्हणाले, "सासू मशिदीवर लांबनंच सांगत व्हती, तू चाललीस. आमचा भेव वाटतो म्हून चाललीस का, बाय?"

इतकं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. माझी लाजेनं मान खाली गेली. खोटं बोलवेना. म्हटलं, "वाटत होता. खूप वाटत होता."

"आनि आता?"

माझ्या कडेवर लेक पुढे झेपावत होती, दोन्ही हात पसरून. आत सासूबाईंची भांडी वाजायची थांबली होती. साताऱ्याचं नाक गेलं खड्ड्यात.

"न्हाय वाटत," मी म्हटलं. "आणि जात पन न्हाय."

आत काहीतरी पडलं, बहुतेक लाटणं. बाबांनी पहिल्यांदा मान वर करून आमच्याकडे बघितलं. सहाही पायऱ्या चढून वर आले, पोरीसमोर वाकले, आणि मुठीतली दाढी सोडली.