तारेऐवजी रबर

जबड्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेताना पहिल्याच वर्षी मी स्वतःला पेशंटच्या तोंडात बांधून घेतलं. जबडा मोडला की आम्ही वरच्या आणि खालच्या दातांना धातूची एकेक पट्टी लावतो आणि मग दोन्ही पट्ट्या तारेनं एकमेकींशी आवळतो. तोंड बंद राहतं आणि हाड जागच्या जागी जुळतं. त्या दिवशी मी शेवटची तार पिळली, मोठ्या समाधानानं हात मागं घेतला, तर हात येईना. ग्लोव्हचं बोट तारेच्या पिळात गेलेलं. मी ओढलं तशी माझ्या हातामागं पेशंटची मान पुढं आली. तोंड बांधलेलं असल्यामुळं तो काही बोलू शकला नाही. डोळ्यांनी मात्र बरंच बोलला.

तेव्हापासून यवतमाळच्या त्या हॉस्पिटलात मी 'ग्लोव्हवाला' झालो. घरी याहून बरी परिस्थिती नव्हती. घरी मी 'दातवाला' होतो. पाहुणे आले की चहाच्या आधी तोंड उघडून दाढ दाखवायचे. मी सांगायचो, "काका, मी चेहऱ्याची मोडलेली हाडं जोडतो." काका म्हणायचे, "बरं बरं. मंग हे कीड कायले लागली असन?" पण या धंद्याची मला कधी लाज वाटली नाही. वाटायला हवी होती तेव्हाही नाही.

दुसऱ्या वर्षी, श्रावणाच्या तोंडावर, आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यावरची मुलगी आली. कॉलेज संपवून घरी बसलेली, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. आर्णीहून स्कूटीनं परत येताना रस्त्यात रानडुक्कर आडवं गेलं आणि ती हनुवटीवर पडली. हनुवटीवर मार बसला की बरेचदा हाड मोडतं ते वर, कानाजवळच्या सांध्याशी. हिचंही तसंच झालं होतं. हाड सरकलं नव्हतं, म्हणून चिरफाड न करता तार बांधायची असं ठरलं. आमच्या विभागप्रमुख सरांनी हुकूम दिला, "एक महिना." बांधलं मी. या वेळी दहाही बोटं परत आणली.

बांधलेल्या जबड्यानं माणूस दातांच्या आतून बोलतो, त्यामुळं काहीही बोललं तरी तो चिडल्यासारखा वाटतो. हिच्या बाबतीत प्रश्न नव्हता. ही खरंच चिडलेली होती.

तिची आई कॉटशेजारी बसून ताकाचा ग्लास आणि स्ट्रॉ घेऊन तिच्या मागं लागलेली असायची. "डॉक्टरसाहेब, सांगा न जी इले. इच्या सासरच्या लोकायचा फोन आलता. म्हणून राह्यले, पोरीच्या जातीनं गाडी चालवाची कायले?"

"अन् म्या काय सांगतलं ते बी सांग," मुलगी दातांच्या आतून म्हणाली.

"ते नाई सांगत मी."

"म्या सांगतलं, गाडी चालवाची हाय म्हणून चालवली. पुढं बी चालवन. डुकराले लायसन नव्हतं, मले होतं."

माझ्याशी मात्र तिचं भांडण वेगळंच होतं. तांड्यावर श्रावणात तीज असते. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांमध्ये गहू पेरतात, नऊ दिवस त्याला पाणी घालतात आणि त्या टोपल्यांभोवती गोल धरून गातात. नवव्या दिवशी टोपल्या पाण्यात सोडतात. लग्न झालेली मुलगी त्या गोलात परत उभी राहत नाही. हिची ही शेवटची तीज होती, आणि गाणं उचलणारी हीच होती. ही पहिली ओळ म्हणणार आणि बाकीच्या मागून घेणार, असं गेली कितीतरी वर्षं चाललं होतं. नववा दिवस सरांच्या महिन्याच्या आत पडत होता.

"तार सोडा," ती म्हणाली. "नाई तं मी पान्ह्यानं सोडतो."

"पान्ह्यानं सुटत नाही ती."

"पकड हाय घरी."

पकडीनं सुटते. हे मी तिला सांगितलं नाही.

पण डोक्यात विचार सुरू झाला. तार थोडी लवकर काढायची आणि त्याच पट्ट्यांना छोटी रबरं लावायची, असंही करता येतं. रबर जबड्याला ओढून जागेवर ठेवतं, आणि जेवायला, बोलायला पेशंट ते स्वतः काढू शकतो. गायलाही. फक्त पुन्हा लावलं पाहिजे. नाही लावलं तर दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि तसंच जुळलं तर माणूस जन्मभर एका बाजूनं चावतो.

सकाळच्या राउंडला मी हे सरांसमोर मांडलं. सगळा विभाग कॉटभोवती उभा होता. सरांची बोटं फार हुशार होती, आणि जीभ बोटांपेक्षा हुशार.

"रबर," सर म्हणाले. "आणि रबर लावणार कोण? पेशंट? अरे, आपले पेशंट घरी गेल्यावर दात घासत नाहीत, ते रबर लावतील?"

"ही लावेल, सर."

"तू कशावरून सांगतोस?"

"भांडखोर आहे, सर."

मुलगी दातांतून काहीतरी म्हणाली. मला वाटतं ते माझ्या बाजूनं नव्हतं.

"ज्यानं स्वतःचा ग्लोव्ह पेशंटच्या तोंडात शिवला," सर सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "तो आता मला उपचार शिकवणार." सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. मग म्हणालो, "सर, ग्लोव्ह माझ्या चुकीनं अडकला. रबराचं म्हणणं बरोबर आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "ठीक. लाव रबर. तिचे दात बसले नाहीत तर पुन्हा तार बांधायची, आणि तू ऑपरेशन थिएटरची पायरी चढायची नाही. मी सांगेपर्यंत."

दोन आठवडे झाल्यावर तार काढली. मी आरसा घेऊन तिला रबर लावायला शिकवायला बसलो. वरच्या पट्टीच्या आकड्यात अडकवायचं, ताणायचं, खालच्या पट्टीच्या आकड्यात सोडायचं. पहिलंच रबर माझ्या चिमट्यातून सुटलं आणि शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या चहात पडलं. आजोबांनी ते बोटानं काढून कठड्यावर ठेवलं आणि चहा पिऊन टाकला. मुलगी पहिल्यांदा हसली. पट्ट्या चमकल्या. "द्या इकडं," म्हणाली.

जाताना मी बजावलं, "गाण्यापुरतं काढायचं. संपलं की लगेच लावायचं. आणि सोमवारी दाखवायला यायचं."

सोमवारी ती आली नाही. नंतरही आली नाही. आईचा फोन लागेना. सर रोज राउंडला विचारायचे, "कुठं आहे तुझी भांडखोर?" त्या आठवड्यात मी जितक्या वेळा खिडकीतून फाटकाकडं पाहिलं, तितक्या वेळा लग्नासाठी पोरगी पाहताना दाराकडं पाहिलं नव्हतं. शेवटी रविवारी मोटारसायकल काढली. काळजीनं काढली म्हणायला बरं वाटतं. पण ऑपरेशन थिएटरच्या पायरीचीही काळजी होतीच.

तांड्याकडं वळलो तेव्हा लांबूनच आवाज आला. नववा दिवस होता. मोकळ्या जागेत मध्यभागी टोपल्या मांडलेल्या, त्यात वीतभर वाढलेला पिवळसर हिरवा गहू, आणि भोवती मुलींचा गोल. बंजाऱ्यांची गोरबोली मला कळत नाही. कळलं एवढंच की एक आवाज आधी निघतो आणि बाकीचे त्याच्यामागं जातात. तो आधीचा आवाज हिचा होता. तोंड अजून पुरतं उघडत नव्हतं, पण आवाज विहिरीपलीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीपर्यंत जात होता. दोन्ही पट्ट्या दिसत होत्या. रबर एकही नव्हतं.

तिनं मला पाहिलं. मी हातानं खूण केली, रबर. तिनं पाठ फिरवली आणि पुढची ओळ उचलली.

तिच्या आईनं मला बाजेवर बसवून चहा दिला. "तीन दिवस झाले जी, लावलंच नाई. म्या म्हणलं तं म्हणते, गाणं मधात सोडू काय."

गाणं थांबल्यावर ती आली. घामानं डबडबलेली, हनुवटीवरची जखम लाल झालेली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून तिनं रबरांची पुडी काढली.

"सांगितलं होतं ना, संपलं की लगेच," मी म्हणालो.

"संपलंच नाई तं कुठून लावू? सकाळी पाण्याले गातो, संध्याकाळी गातो, मधात पोट्ट्या बोलावते. आज संपन. उद्या येतो." मग जराशानं म्हणाली, "दात दुखून राह्यले डावीकडचे. बसत नाई बरोबर."

मी तिथंच बोटानं ओठ बाजूला करून पाहिलं. डावीकडच्या दाढांमध्ये फट होती. सर बरोबर होते. हे वाक्य लिहिताना मला आजही त्रास होतो, पण होते.

"पुन्हा तार बांधावी लागेल," मी म्हणालो. "महिनाभर."

"बांधा."

"फार नाही बिघडलं, बसतील दात. पण रबर लावलं असतं तर सुटली असतीस."

"मंग म्या गायलं नसतं." ती पाण्याकडं निघालेल्या मुलींकडं पाहत होती. "महिनाभर ताक पिवाले लागन. पितो न. पण हे मले परत कोण देते?"

दुसऱ्या दिवशी ती आली. सरांनी फट पाहिली आणि माझ्याकडं पाहिलं. तार मीच बांधली. ऑपरेशन थिएटरातला तो माझा शेवटचा हात, कारण त्यानंतर मला खाली प्लास्टरच्या खोलीत पाठवलं. तिथं दातांचे पांढरे साचे घासत बसायचं. केसात, चहात, डब्यातल्या पोळीवर सगळीकडं प्लास्टर. सोबतची पोरं दारातून डोकावून विचारायचे, "काय बे, कोणतं गाणं चाललंय?"

तिचे दात बसले. महिन्यानं तार काढली तेव्हा सरांनी स्वतः दाढांमध्ये कागदाची पट्टी धरून दोन्हीकडून ओढून पाहिली. सुटली नाही. लग्नाच्या आधी हे झालं याचं सगळ्यात जास्त समाधान तिच्या आईला होतं. मुलीनं सरांना विचारलं, "आता गाडी चालवू?" सर म्हणाले, "हेल्मेट घालून." ती म्हणाली, "ते तं आधीच घेतलं."

ती गेल्यावर सरांनी मला थांबवलं. "काय शिकलास?"

सरांना हवं ते उत्तर मला माहीत होतं. ते दिलं असतं तर त्याच दुपारी मी ऑपरेशन थिएटरात असतो.

"सर, हीच पेशंट पुन्हा आली, तर मी पुन्हा रबरच लावीन."

सरांनी चष्मा वर सरकवला. माझ्या बाहीवरचं प्लास्टर बोटानं झटकलं आणि म्हणाले, "खाली अजून बरेच साचे पडलेत."

मी खाली गेलो.