ऐनाआडची नववी टोपली

सुरेंद्र काथोड घुडे मुरबाड-शहापूर रस्त्यावरच्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं परिचर होता, आणि या एकोणीस वर्षांत कॉलेजात त्याचं नाव फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. हजेरीपटावर. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची लेबलं त्याच्या हातची, अक्षर मोत्यासारखं, पण नावं ॲसिडांची. वृक्षारोपणाचे खड्डे त्यानं खणले, पाट्या पाहुण्यांच्या लागल्या. याचं त्याला कधी फार वाईट वाटलं नव्हतं. जिमखान्याच्या भिंतीवर निळा फळा लागला, आणि मग मात्र वाटायला लागलं.

त्याचं असं झालं. चार वर्षांपूर्वी खेळाचे मनोज सर कुठल्याशा शिबिराहून एक खेळ शिकून आले. लोखंडी खांब, खांबावर जाळीची टोपली, टोपलीवर लोंबत्या साखळ्या. लांबच्या लादीवर उभं राहून प्लास्टिकची चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. मुरबाडच्या वेल्डरकडून सरांनी अशा नऊ टोपल्या करून घेतल्या आणि कॉलेजच्या माळावर रोवल्या. डिस्क गोल्फ म्हणतात या खेळाला. गावात तसं कोणी म्हणत नाही. गाव कॉलेजच्या कुंपणाला लागूनच आहे आणि गावात या खेळाला ताटल्या म्हणतात.

एका टोपलीला तीन फेकी, म्हणजे नऊ टोपल्यांना सत्तावीस. दोन साक्षीदारांसमोर सव्वीस किंवा त्याहून कमी फेकींत जो फेरी पुरी करील, त्याचं नाव फळ्यावर. चार वर्षांत सात नावं लागली होती. सातही पोरापोरींची. सगळ्यात वर तिसऱ्या वर्षाची रेश्मा, चोवीस.

सुरेंद्रला आठवं नाव आपलं हवं होतं. दुसरं काही नाही. पगारवाढ मागितली नव्हती, बदली मागितली नव्हती. एक ओळ. तीही तो स्वतःच्या हातानं लिहायला तयार होता.

पण ती ओळ त्याला काही मिळेना. रोज साडेपाचला प्रयोगशाळेला कुलूप लावून तो माळावर जायचा. करवंदीच्या जाळ्यांतून पोरांच्या हरवलेल्या चकत्या शोधून द्यायचा, टोपल्यांना गंज चढला की घासायचा, कोणी म्हैस बांधायला साखळी काढून नेली की घरोघर फिरून परत आणायचा, आणि मग उजेड असेपर्यंत फेकत राहायचा. पहिल्यांदा साक्षीदार जमवून फेरीला उतरला, तर चौथ्या टोपलीला टेकवून लग्नाच्या मांडवाचा टेम्पो उभा. ड्रायव्हर जेवायला गेलेला. दुसऱ्यांदा आठव्या टोपलीपर्यंत सगळं झकास चाललेलं, तर मनोज सरांनी घड्याळ पाहिलं आणि कल्याणची एसटी गाठायला पळत सुटले. साक्षीदार पळाला म्हणजे फेरी बाद. तिसऱ्यांदा कोणी आडवं आलं नाही, तर हाच अठ्ठावीसवर अडकला.

आणि अडकला नवव्या टोपलीवर. ती टोपली म्हणजे त्याच्या डोक्याला ताप होता. लादीपासून टोपली दिसायचीच नाही, कारण तिच्या पंधरा पावलं अलीकडे ऐनाचं एक थोराड झाड उभं होतं. टोपलीच्या पलीकडे बारा पावलांवर शेताचा बांध. बांधापलीकडे चकती गेली की एका फेकीचा दंड, आणि पुढची फेक बांधावरून. गंमत अशी, की ते शेतही सुरेंद्रचं आणि तो ऐनही सुरेंद्रचा.

माळ कॉलेजला दिला तेव्हा गावानं एक बोली केली होती. जमीन तुमची, पण ऐनांची कवळं आमची. कवळं म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या. उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा भाजायची असते, तिच्यावर शेण, कवळं, गवत आणि माती असे थर लावून पेटवतात. त्याला राब म्हणतात. राब चांगला भाजला तर तण मरतं आणि रोप जोमानं वर येतं. त्यासाठी प्रत्येक घराची झाडं ठरलेली, आणि प्रत्येक झाडाची पाळीही ठरलेली. एकदा तोडलं की पुढची तीन वर्षं त्याला कोयता लावायचा नाही. नवव्या टोपलीचा ऐन घुड्यांचा, आणि त्याची पाळी पुढच्या वर्षी होती.

या ऐनाला सुरेंद्रनं घरी येऊन तीन वर्षं इतक्या शिव्या घातल्या होत्या, की तेवढ्या भावकीलाही कधी घातल्या नसतील. भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी त्याचं सुरू व्हायचं. "आज पण त्याच मेल्या झाडावर आपटली." बायको आरती तव्यावरची भाकर उलटत ऐकून घ्यायची. तिचं माहेर डोळखांबचं. तिकडच्या बायका मुळात कमी बोलतात, आणि बोलल्या तर कामाचं बोलतात. "झाड काय करल त्याला? तुमीच ताटली दुसरीकरं फेका," एवढं एकदा म्हणाली होती.

यात एक गोष्ट सुरेंद्रकडून तिला सांगायची राहिली, आणि तीच महत्त्वाची होती.

दिवाळीच्या सुट्टीत माळ रिकामा असताना त्याला एक शोध लागला होता. झाड चुकवायला जाऊच नये. चकती उंच, थोडी उजवीकडून, ऐनाच्या गच्च शेंड्यात घुसेल अशी फेकायची. पानं तिचा सगळा जोर पिऊन टाकतात आणि चकती पलीकडच्या अंगाला मुकाट्यानं तरंगत खाली उतरते, टोपलीपासून चार पावलांवर. पहिल्यांदा झालं तेव्हा त्याला वाटलं, नशीब. दहा वेळा झालं तेव्हा तो झाडाला हात लावून आला. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत त्यानं हीच एक फेक हातात मुरवली. पण घरी गेला की सवयीनं तोंडात शिव्याच यायच्या. चकती पाचव्या टोपलीवर चुकली तरी तो नवव्याच्या झाडाला बोलून मोकळा व्हायचा. बायकोसमोर एकदा लावलेला सूर बदलायचा म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होतं, आणि तेवढं कोण करतो?

फेब्रुवारीत नोटीस लागली. मार्चपासून माळावर नव्या इमारतीचं काम, टोपल्या निघणार. मनोज सर म्हणाले, "सुरेंद्र, येत्या रविवारी सकाळी शेवटची फेरी. मी आणि रेश्मा साक्षीला. आणि या वेळी एसटी सुटली तरी सुटू दे."

शनिवारी सुरेंद्रला परीक्षेची ड्यूटी होती, माळावर पाऊल टाकता आलं नाही. रात्री जेवताना त्यानं आरतीला पुन्हा सांगितलं, "उद्या शेवटचं. ऐन आडवा नाय आला म्हंजे मिळवली."

आरती नुसती हसली. सुरेंद्रला वाटलं, थट्टा करतेय.

रविवारी सुरेंद्र खेळला ते त्याला स्वतःलाच पटेना. दुसऱ्या टोपलीत दोन फेकींत, सहाव्यात दोन फेकींत, सातव्यावर मात्र एक वाया, बाकी सगळीकडे तीन. आठ टोपल्यांच्या तेवीस फेकी. रेश्मानं वहीत आकडा लिहिला आणि म्हणाली, "काका, आता तीनमध्ये घाला. लागलं नाव."

तिघं नवव्या लादीकडे वळले. सुरेंद्रनं मान वर केली आणि तिथंच थांबला.

समोर टोपली दिसत होती. स्वच्छ, खांबापासून साखळ्यांपर्यंत. ऐन होता, पण नुसता खोडाचा खांब आणि वर चार थोटकं. पान म्हणून औषधाला नव्हतं. आणि बांधापलीकडे राबाच्या जागेवर हिरव्या कवळांचा हा मोठा ढीग, त्याच्या शेजारी कोयता, आणि कोयत्याशेजारी पदर खोचून बसलेली आरती. चार वर्षांत ती पहिल्यांदाच खेळ बघायला आली होती. तिनं हात वर केला आणि ओरडून सांगितलं, "अवो, काल दुपारी मीच चढले! आता फेका सरळ!"

सुरेंद्रच्या डोक्यात अशी सणक गेली, की हातातली चकती तिथंच मोडून टाकावीशी वाटली. पाळी नसताना! जिनं कधी पाळीच्या आधी झाडाला कोयता लावला नाही, जी दुसऱ्यांनी लावला तर चारचौघांत बोलून दाखवायची, तिनं आपणहून पाळी मोडली. तीही याच्यासाठी. ओरडणार तरी कोणावर? तीन वर्षं त्या झाडाच्या नावानं खडे कोणी फोडले होते? त्याला तिचा राग आला, तिच्याहून जास्त स्वतःचा आला, आणि दोन्ही राग घेऊन तो लादीवर उभा राहिला.

मनोज सर खूश होते. "वा, रस्ता मोकळा झाला की!"

"हो ना," सुरेंद्र म्हणाला.

आता सरळ आणि हळू फेकायची, हे त्याला कळत होतं. हाताला ते कळेना. चार महिने हाताला एकच फेक माहीत होती. त्यानं जोर आवरला, खांदा आवरला, पण सुटताना मनगटानं आपलंच खरं केलं. चकती उंच गेली, उजवीकडून आली, जिथं पानं असायची तिथून सुळकन निघाली, टोपलीवरून गेली, बांधावरून गेली आणि कवळांच्या ढिगात शिरली. तीच पानं होती. काल सकाळपर्यंत ती टोपलीच्या पंधरा पावलं अलीकडे होती, एवढाच काय तो फरक.

"ढिगात पडली! मी बघितली!" आरती आनंदानं उठून उभी राहिली. शोधायचा त्रास वाचला याचाच तिला आनंद.

दंडाची एक धरून दोन झाल्या. आता बांधावरून एका फेकीत टोपलीत गेली पाहिजे. बारा पावलं. हे अंतर तो झोपेतही मारायचा. त्यानं चकती पुसली, श्वास घेतला आणि फेकली. टोपलीच्या कडेला खणकन आवाज झाला आणि चकती खाली पडली. पुढची त्यानं वाकून नुसती आत ठेवली. चार. तेवीस आणि चार सत्तावीस.

रेश्मा आकडा लिहीना. पेन हातात धरून ती सरांकडे बघत राहिली. सरांनी आवाज उतरवला. "हे बघ, पहिली चकती बांधावरच पडली असं धरू. दंड नाही. म्हणजे सव्वीस. आपण तिघंच आहोत. परवा टोपल्याच निघणार आहेत, कोण विचारायला येतंय?"

सुरेंद्रनं नाही म्हणायला वेळ घेतला. खोटं कशाला सांगायचं, त्याला तो फळा दिसला. सात नावांखालची रिकामी जागा, आणि तिथं स्वतःच्या अक्षरात स्वतःचं नाव. बापाच्या नावासकट. मग त्यानं बांधाकडे बघितलं. आरती ढिगातली पानं झटकून चकतीची जागा नीट करत होती, जणू मोजायला कोणी येणार होतं.

"ढिगात पडली, सर," तो म्हणाला. "माझ्या बायकोनं बघितली, ओरडून सांगितली. आता तिला खोटी पाडू?"

 रेश्मानं सत्तावीस लिहिलं.

दोघं गेल्यावर आरती पाण्याची बाटली घेऊन बांधावरून उतरली. तिच्या कोपरापर्यंत ओरखडे होते, काल रात्री चुलीच्या उजेडात ते त्याला दिसले नव्हते. छत्तिसाव्या वर्षी ती एवढ्या उंच झाडावर चढली होती, कुणाला मदतीला न घेता.

"गेली ना सरळ?" तिनं विचारलं.

"गेली. सरळ गेली."

"मी बोललेच होते. मंग लागलं नाव?"

"नाय. एकानं ऱ्हायलं. माझा हात चुकला."

"ऱ्हाऊ दे. झाडाचं तर नाय ना काय?"

"झाडाचं काय नाय," सुरेंद्र म्हणाला. त्यानं झाडाखाली उरलेल्या दोन भाऱ्यांतला एक उचलून तिच्या डोक्यावर दिला, दुसरा आपल्या खांद्यावर घेतला आणि तिच्या मागोमाग शेतात उतरला. भारा जड होता. पानं अजून ताजी होती आणि चालताना त्याच्या कानाशी खसखसत होती. 

संध्याकाळी तो जेवायला बसला. आरतीनं गरम भाकर ताटात टाकली आणि नेहमीप्रमाणे वाट बघितली. तो पहिला तुकडा मोडून बसून राहिला. झाड तोडलेलं, टोपल्या परवा निघणार, आणि तोडणारी समोर ओरखड्यांना खोबरेल लावून, समाधानानं पुढची भाकर थापत बसलेली. शिव्या द्यायला घरात काही उरलंच नव्हतं.

"आज गप का वो?" तिनं विचारलं.

"काय नाय गो," तो म्हणाला. "कालवण वाढ."