तेंदूपत्त्यासारखी वाळवलेली पुस्तकं

मुलगा मला बघायला आला तेव्हा मी त्याला पगार विचारला नाही, शेती किती तेही विचारलं नाही. मी विचारलं, "यंत्राला विचार करता येतो का?" पोंभुर्ण्याच्या आमच्या बैठकीत चिवड्याच्या बश्या हवेतच थांबल्या. आईनं मला कोपरानं ढोसलं आणि बाबा पंखा बिघडल्यासारखे वर बघत बसले.

खरं तर प्रश्न माझा नव्हताच. भामरागडच्या पलीकडे, नदी ओलांडून ज्या आश्रमशाळेत मी शिकवते, तिथल्या पोरांनी तो माझ्या गळ्यात मारला होता. मोबाइल गणितं सोडवतो, निबंध लिहून देतो, विचारलेलं सगळं सांगतो, मग मॅडम कशाला पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. उत्तर सुचलं नाही की मी ओरडते, तशी ओरडले. पण रस्त्यानं जाताना, भात कालवताना, आंघोळीला बसले की तोच प्रश्न डोक्यात.

मुलगा गोंडपिपरीकडचा, चंद्रपूरला वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये कामाला. दारात त्याच्या चपला अशा सरळ ठेवलेल्या की जणू कुणी दोरी धरून आखल्या होत्या. त्यानं चिवड्याची बशी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "याचं उत्तर एका बैठकीत नाई होनार जी. मी तुमाले तीन पुस्तकं पाठवतो. जुनी आहेत, पन लय कामाची. फक्त क्रमानं वाचा."

'क्रमानं वाचा' म्हटल्यावर माझं टाळकं सटकलं. मला कुणी क्रम सांगितला की मी मुद्दाम शेवटाकडून सुरू करते. पण 'याचं उत्तर लगेच देता येत नाही' असं निवांतपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. आमच्याकडे पानठेल्यावरच्या माणसाकडेही सगळ्याचं उत्तर तयार असतं. त्याच्या घरच्यांनी निरोप मागितला तेव्हा मी सांगितलं, पावसाळा संपल्यावर कळवते. एकदा पाऊस लागला की शाळेकडचा रस्ता बंद, मोबाइलला नेटवर्क नाही. तोवर तो मला पसंत आहे की नाही हे ठरवायला माझ्याकडे तीन पुस्तकंच असणार होती. आईनं कपाळावर हात मारला.

शाळा सुरू व्हायच्या आत पुस्तकं आली, एका जुन्या पोत्यात बांधून. तिन्ही मराठी भाषांतरं, पिवळी पडलेली, शिवण उसवत आलेली. एकात गुरू आणि त्याला भंडावून सोडणारा शिष्य 'मी' म्हणजे नेमकं कोण यावर वाद घालत होते. दुसऱ्यात प्रश्न होता, माणूस कुऱ्हाडीसारखं हत्यार घडवतो की हत्यार माणसाला घडवतं. तिसरं विचार करणाऱ्या यंत्राबद्दल, मोबाइल जन्मायच्या कितीतरी आधी लिहिलेलं. याच क्रमानं वाचायची, असा निरोपही सोबत होता. आधी पाया, मग भिंत, मग छप्पर.

डोंग्यातून नदी ओलांडताना मी तांदळाचं पोतं मांडीवर घेतलं आणि पुस्तकांचं पोतं पायाशी ठेवलं. डोंग्याच्या तळाला पाणी असतंच, हे मला इतकी वर्षं जाऊन-येऊन ठाऊक होतं. पण तेव्हा मला तांदूळ महत्त्वाचा वाटला. खोलीवर येऊन पोतं उघडलं तर तत्त्वज्ञानाचा आणि यंत्राचा एकच ओला गठ्ठा. मी तिथंच फतकल मारून रडायला बसले. पुस्तकांसाठी रडतेय की त्या चपलावाल्यासाठी, हे माझं मलाच कळेना.

शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी ते पाहिलं. "रडता काऊन मॅडम? सुकवून देतो नं आमी. तुमी जा वर्गावर." मी डोळे पुसून वर्गावर गेले. मावशींनी गावातल्या दोघीतिघींना हाक मारली.

आता आमच्याकडे बायांचा अख्खा उन्हाळा तेंदूपत्त्यात, म्हणजे बिड्यांच्या पानांत, जातो. जंगलातून पत्ता तोडून आणायचा, सारख्या आकाराचा निवडायचा, डागी बाजूला काढायचा, पुडे बांधायचे आणि उघड्या मैदानावर रांगेनं वाळत घालायचे. हंगाम नुकताच संपला होता, हात अजून त्याच कामात होते. त्या दिवशी पावसानं उघाड दिली होती. दुपारी मी बाहेर आले तर शाळेच्या ओट्यावर माझी पुस्तकं पुड्यांच्या रांगांनी वाळत पडलेली! शिवण कापून कागद न् कागद सुटा केलेला. मोठे कागद मोठ्यांत, लहान लहानांत, डाग पडलेले वेगळे, आणि प्रत्येक पुडा झाडाच्या सालीच्या वाकानं नीट बांधलेला.

"मावशी! हे काय केलं?"

"ओलं तसंच ठेवलं तर काळं पडते नं," मावशी अभिमानानं म्हणाल्या. "पाहा बरं, एक तरी कागद खराब झाला का?"

खरंच एकही नव्हता झाला. फक्त तीन पुस्तकांतलं एकही उरलं नव्हतं.

मी पुन्हा लावायला बसले. पानांवर आकडे होते, पण प्रत्येक आकड्याची तीन तीन पानं. एक उचललं, कुठलं ते ओळखायला दोन ओळी वाचल्या, खालचं वाचलं, आणि मला हसू फुटलं. वरच्या पानाच्या शेवटी शिष्य कळवळून विचारत होता, "गुरुदेव, मग मी कोण?" आणि खालचं पान सुरू होत होतं, "आधी वीजपुरवठा तपासून पाहावा."

मी एवढ्यानं हसले की मावशी चूल सोडून आल्या. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते आपल्या माडिया बोलीत बायांना सांगितलं, आणि सगळ्या पदर तोंडाला लावून लोळायच्या बाकी राहिल्या. मग रोजचाच कार्यक्रम झाला. संध्याकाळी पोरांची जेवणं उरकली की बाया ओट्यावर यायच्या आणि मी एक पुडा सोडायचे. त्यांच्या हिशेबी ती एकच गोष्ट होती. गुरूच्या घरात एक यंत्र राहतं, ते शिष्यावर जळतं, आणि कुऱ्हाड मधे पडून भांडण सोडवते. "यंत्रानं आज जेवलं का?" मावशी विचारायच्या. ते जेवत नाही म्हटलं की हळहळायच्या.

मी वेडी झाले होते आनंदानं. क्रमानं वाचली असती तर गुरू एका खोलीत, यंत्र दुसऱ्या खोलीत राहिलं असतं. आता यंत्र विचार करतं का असं विचारलं की पुढच्याच पानावर गुरू विचारायचा, तू तरी करतोस का? पोरांनाही मी तसंच विचारलं. मोबाइल उत्तर देतो, पण त्याला प्रश्न पडतो का? वर्गात असा कल्ला झाला की शेजारचे सर बघायला आले. म्हणून कुणी मला विचारलं, तंत्रज्ञानाची आणि तत्त्वज्ञानाची जुनी पुस्तकं वाचावीत का, तर मी सांगते, जरूर वाचा, पण दोन्ही एकाच ताटात वाढून घ्या.

पाऊस ओसरायला लागला तसं मात्र माझं लक्ष नदीच्या घाटाकडे जायला लागलं. पुस्तकं न्यायला तो कधीतरी येणारच होता. रोज ठरवायचे, आज पानं लावून टाकू. रोज एखादा पुडा सोडायचे आणि वाचतच बसायचे. मला तो आवडायला लागला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चपला रेषेत ठेवणाऱ्या माणसाला हे दाखवायचं कसं? तो चिडला तर माझा नकार ठरलेला होता. आणि मला नकार द्यायचाच नव्हता.

रस्ता खुला झाला आणि तो आला. नदीपलीकडे मोटरसायकल लावून, डोंग्यानं, पाठीवर रिकामी पिशवी. पाणी प्यायला आणि म्हणाला, "पुस्तकं न्यायले आलो जी."

मी रिकामा पेला पुन्हा भरून आणला. पुडे मावशींनीच आणून त्याच्यासमोर रचले. त्यानं एक सोडला. वरचं पान पाहिलं, खालचं पाहिलं, मग आणखी एक. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाया दाराशी उभ्या. मी मनात म्हटलं, झालं, संपलं.

मग तो हळू आवाजात वाचायला लागला. "गुरुदेव, मग मी कोण?" पान उलटणार तोच दारातून मावशी आणि सगळ्या बाया एका सुरात ओरडल्या, "आधी वीजपुरवठा तपासून पाहावा!"

त्यानं मान वर करून दाराकडे पाहिलं. आणि मग तो हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "रोजचं कामच हाय माहं ते," एवढंच कसंबसं म्हणाला. हसून दमल्यावर म्हणाला, "एवढी वर्षं वाचून राह्यलो मी ही पुस्तकं. हसलो कधीच नाई."

"पुस्तकं न्यायलाच आलात?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "तुमचा निरोप नाई आला. पाऊस थांबून किती दिवस झाले. मले वाटलं, नाईच म्हनाल. मंग म्हटलं, निदान पुस्तकं तरी घिऊन येऊ."

निरोप! गुरू, यंत्र आणि कुऱ्हाड यांच्या भांडणात मी माणसाला निरोप धाडायचा विसरले होते. मी एवढ्या जोरात "हो" म्हणाले की वर्गातली पोरं बाहेर पळत आली.

त्यानं हातातला पुडा पुन्हा नीट बांधला. मग म्हणाला, "आनखी एक डाव 'हो' म्हना जी."

मी म्हटलं.