सुपडूचं नाव दगडावर

सुरतेत नवा आलेला खानदेशी माणूस हरवला, तर त्याने गोरखचिंचेखाली जाऊन उभं राहायचं, कुणीतरी आपलं भेटतंच, असं ठरून गेलं होतं. आठ माणसांच्या कवेत न मावणारं ते झाड. १९७३ साली त्याच्या शेजारी लढाईत कामी आलेल्या जवानांचा स्तंभ उभा राहू लागला आणि बमरोलीच्या रंभाबाई दर रविवारी तिथे पायी जाऊ लागल्या.

रंभाबाई लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरत. त्यांचा एकुलता एक मुलगा सुपडू एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. स्तंभावर त्याचं नाव येणार होतं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत कोरलं जावं एवढंच बाईंच्या मनात होतं. अक्षर ओळखत नव्हत्या, पण पाथरवटाला सूचना करायला अक्षर कशाला लागतं? "छिन्नीला धार नीट लाव रे भाऊ," म्हणून त्याला त्यांनी भंडावून सोडलं होतं.

एका रविवारी शेजारचा सुकलाल सोबत आला. पाथरवटाने दगडावर गेरूने नावं आखून ठेवली होती, उद्या छिन्नी लागायची होती. सुकलालने यादी वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"काय व्हयनं?" बाईंनी विचारलं.

"काकू, आठे सुपडूना जागावर सूर्यकांत लिखेल शे. बापनं नाव, आडनाव तुमनंच."

स्तंभाच्या समितीचे चिटणीस झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. निवृत्त गुजराती मास्तर, माणूस भला. भल्या माणसांना दुसऱ्याचं नाव सुधारायची भारी हौस असते. बाईंनी जाब विचारला तेव्हा ते समजुतीने म्हणाले, "माजी, आ तो पथ्थर छे, सो वरस रहेशे. सुपडू वांचीने लोको हसशे."

रंभाबाईंची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. चौथा जन्मला तेव्हा त्यांनी रिवाजाप्रमाणे त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, टाकलेलं पोर म्हणून उचलून आणलं आणि सुपडू म्हणून हाक मारली. असल्या केराच्या पोराकडे मरणाचं लक्ष जात नाही म्हणतात. पोर तेवीस वर्षं जगलं. तो गेल्यावर गल्लीतल्या बाया कुजबुजल्या होत्या, "शेवटी नाव काही कामाला आलं नाही." ते बोलणं दोन वर्षं बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. आज ते उसळून वर आलं.

"हसू द्या!" बाई कडाडल्या. "सूपमा टाकं म्हनीसन वाचना तो. मरणले तो सापडना नही, मास्तर. तोच त्याना सामने गया! आते त्यानं नाव कसाले दपाडतस, कसाले झाकतस?"

बोलून झालं आणि बाई स्वतःच थबकल्या. मरण पोराला सापडलं नव्हतं, पोरच त्याच्यासमोर गेलं होतं, हे त्यांना आजवर सुचलंच नव्हतं. त्यांची मान अशी ताठ झाली की सुकलाल बघतच राहिला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग पाथरवटाला हाक मारून म्हणाले, "भूंसी नाख." बाई जागच्या हलल्या नाहीत. जुना गेरू पुसून नवं नाव आखलं गेलं, सुकलालने ते तीनदा वाचून दाखवलं, तेव्हाच त्या घरी निघाल्या.

उद्घाटनाला भोंग्यातून नावं वाचली गेली. सुपडू म्हटल्यावर मागे दोघं-तिघं फिसकन हसली. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. अभिमानाने छाती भरून आलेली, तिथे हसणाऱ्यांकडे बघायला सवड कुणाला होती?

पुढच्या वर्षी सुकलालची बायको भागीरथी नव्या बाळाला घेऊन गोरखचिंचेखाली रंभाबाईंना गाठायला आली. बरोबर कोरं सूप. तिची आधीची दोन्ही लेकरं धडधाकट होती, घरात एकही पोर दगावलेलं नव्हतं.

"तुले काय भेव शे वं?" रंभाबाईंनी दचकून विचारलं.

"भेव कसानं?" भागीरथीने सूप त्यांच्या हाती दिलं. "माले सुपडूच नाव ठेवनं शे."