थोरलीचं रक्त

पीएचडीला विषय मिळाला खेड्यातल्या बायकांच्या रक्ताचा, आणि गाव मिळालं माझंच, निमोणे. गाईडबाई म्हणाल्या, "तुझ्या गावच्या बायका तुला नाही म्हणायच्या नाहीत." खरंच होतं ते. परक्या माणसाला सुई लावू न देणाऱ्या बायका मला हात पुढे करत होत्या, कारण मी गावची लेक. विद्यापीठात याला माझं कौशल्य म्हणत.

पण लवकरच ध्यानात आलं, की घरोघरच्या सासवा माझ्यापुढे सगळ्यात धडधाकट सून आणून बसवतायत, वेणीफणी करून, ठेवणीतली साडी नेसवून. रोडावलेल्या सुना मळ्यात धाडलेल्या. पाहुणे आले की घरातलं दुखणं आत लोटायचं, ही आमची रीत. तपासणीलाही तीच लागू झाली.

सख्खी चुलती तर सगळ्यांच्या वरताण. थोरल्या सुनेचं रक्त घेऊन झाल्यावर मी विचारलं, "काकी, धाकट्या वहिनी कुठायत?"

"तिचं काय बघायचं? पांढरीफटक पडलीय. उगं गावात बोभाटा. थोरलीचंच आनखी एकदा काढ आन् धाकटीच्या नावावर घाल."

मी हटूनच बसले, तेव्हा धाकटीला गोठ्यातून हाक मारली. मग बाकीच्या घरांतही हट्ट धरून मळ्यातल्या सुना बोलावून घेतल्या.

धाकटीचं हिमोग्लोबिन इतकं कमी निघालं, की ही बाई उन्हात कांदे कशी खुरपते याचंच नवल वाटलं. गावात जाऊन सांगायला हवं, असं गाईडबाईंना म्हटलं. "आपण संशोधन करतो, दवाखाना चालवत नाही. आधी प्रबंध लिही," त्या म्हणाल्या. मला असा संताप आला, की न विचारता एसटीत बसले. रक्त कमी असलेल्या प्रत्येकीला लोहाच्या गोळ्या दिल्या, घरच्यांना समजावलं.

चुलतीनं शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी धाकटीच्या हातात पिशवी देऊन तिला माहेरी धाडलं, दौंड तालुक्यात, कासुर्डीला. "दुखणेकरी पोर आमच्या गळ्यात मारली," असा निरोपही सोबत. नवरा, म्हणजे माझा चुलतभाऊ, डबा घेऊन रांजणगावच्या कंपनीच्या बसकडे निघून गेला. आईपुढे त्याची जीभ कधी उचलली नाही.

मी कासुर्डीला गेले. धाकटीनं गोळ्या पदराला बांधल्या.

"वन्सं, माझ्या पाठच्या बहिनी लग्नाच्या हायत. मी अशी परत आले तर त्यांना कोन करंल? सासूबाईंस्नी सांगा, मशीन बिघडलं हुतं. मला रगत भरपूर हाय म्हना."

"पण वहिनी, ते नाहीये."

"ते मला ठाव हाय. तुमी तेवढं सांगा."

शेवटी सांगितलं. त्याचा पश्चात्ताप नाही मला, राग आहे. ज्या घरात खरं बोललं की सून बाहेर जाते, त्या घराचा.

चुलतीनं धाकटीला परत आणलं. आणि आनंद पोटात मावेना म्हणून गावभर सांगत सुटली, "आमच्या लेकीचं मशीन खोटं निघालं!" घरोघर सासवांनी सुटकेचा निःश्वास सोडला. गोळ्या उकिरड्यावर गेल्या.

माझा प्रबंध मंजूर झाला, गाईडबाईंचं नाव झालं. गावात गोळ्या खाणारी उरली एकटी धाकटी. तीही चोरून खायची, कारण तिला रक्त भरपूर आहे, असं मीच सांगून आले होते.