इमानवाले आप्पा

दोष आप्पांचा. आधीच सांगून टाकतो, कारण आप्पा स्वतः तो कधीच सांगणार नाहीत.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. मुरबाडकडच्या आमच्या गावातून विमानांच्या हँगरमध्ये पोचलेला पहिला माणूस. आधी विमानं दुरुस्त केली, मग पडलेल्या विमानांच्या चौकशीवर गेले. आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी विमानाचं 'इमान' होतं, म्हणून हे इमानवाले आप्पा! नीट उतरलेल्या विमानाचा किस्सा होत नाही म्हणतात. तरी आप्पांच्या किश्श्यांनी आमचं घर एवढं भरलंय की बसायला जागा नाही.

*

हँगरचा नियम असा की एक पाना जरी हरवला, तरी तो सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही. आप्पांनी हा नियम घरी आणला. एकदा काकूची पळी सापडेना.

"पळी मिळेपर्यंत कोणी जेवायला बसायचं नाय!"

काकू म्हणाली, "तुमचं इमान थांबवा. माझा भात निवतोय."

पळी आप्पांच्याच मांडीखाली निघाली. चौकशी तिथेच बंद!

*

म्हसाच्या जत्रेत आप्पांनी आकाशपाळणा बंद पाडला होता. एका जोडाला पिनेच्या जागी खिळा ठोकलेला.

पाळणेवाला म्हणाला, "आप्पा, गेल्या जत्रेपासून खिळाच आहे. काय झालं का?"

"अरे, पडतं तो दिवस सोडला, तर कुठलंच विमान कधी पडलेलं नसतं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाळेत होतो, मीही वाजवल्या. आपण हेच शिकायचं, हे मी त्या पाळण्याखाली ठरवलं. अक्कल कुठे होती तेव्हा?

*

कसाऱ्याच्या बाजूला एका पाड्याजवळ शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान भाताच्या खाचरात उलटं पडलं. वैमानिक वाचला. आप्पांची टीम पोचली, तर विमान चकाचक! चिखल, काजळी, तेलाचे ओघळ, सगळं घासून धुतलेलं. वर झेंडूचा हार.

आप्पा किंचाळले, "अरे, पुरावा धुतलात तुमी!"

पाड्यातली म्हातारी म्हणाली, "सायेब लोक येनार, त्यांना घान कशी दाखवायची?"

हे सांगताना आप्पा पोट धरून हसतात. शेवटचं वाक्य ठरलेलं: "आमी रिपोर्टात दोष लिहीत नाय. कारण लिहितो."

*

आता माझा किस्सा. विमानदुरुस्तीच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षी आप्पांच्याच ओळखीने हँगरमध्ये ट्रेनिंगला लागलो. उड्डाणाला निघालेल्या एका विमानाच्या चाकाच्या कप्प्यात मला टॉर्च दिसला. ओरडलो, विमान थांबवलं. टॉर्च आमच्या सीनियर वर्तकसाहेबांचा होता. काम झाल्यावर हत्यारं मोजून सही करायची जबाबदारीही त्यांचीच. सही झाली होती, मोजणी नव्हती. आणि वर्तकसाहेब आप्पांचे जिवलग दोस्त.

चौकशीवर आप्पाच आले. आदल्या संध्याकाळी मला अंगणात बोलावून म्हणाले, "वर्तक आता रिटायर होतोय रे. या वयात त्याला डाग नको. तू तरणा आहेस. तुझा निघेल."

वडीलधारे म्हणजे असे. डाग त्यांचा, कपडा आपला.

मी नाय म्हणालो. काही फरक पडला नाही. रिपोर्टात आलं, टॉर्च शिकाऊ मुलाकडून राहिला.

"आप्पा, दोष माझा?"

आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "दोष नाय रे पोरा. कारण!"

*

यंदा जत्रेत आप्पांचा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. मी पाळण्याजवळ उभा होतो. तोच पाळणा, तोच जोड, तोच खिळा. शेजारच्या नामाबाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते बोलतात ते सगळ्या जत्रेला ऐकू जातं. काठी टेकत माझ्याजवळ आले आणि ओरडले,

"इमानवाल्याचा पुतण्या ना तू? तू इमान सोडलंस म्हंतात. का रे?"

त्या रिपोर्टावर हँगरने मला काढलं. कोर्स सुटला. लायसन्स मिळालं नाही. वाशिंदच्या गोदामात खोकी उचलतो.